साप का बकरी हाये व्याले?

मंडळी, आजच घडलेलं लगेच लिहिते.

सकाळी राजापेठेत आमच्या शेजाऱ्यांच्या लाकडांच्या ढिगातून सर्पमित्राने मोठी घोणस पकडून नेली. तो गेल्यावर शेजारी म्हणाले, "अंडे तं नाही दिसत, सुटलो बाप्पा!" आणि लाकडं उचलायला वाकले. मी किंचाळले, "हात काढा!"

शेजाऱ्यांचं हेच वाक्य मी साठ-एकसष्ट साली चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावी ऐकलं होतं. चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांत, काकांनी एका दगडात घोणस मारली. अंडी शोधली, मिळाली नाहीत, तसे तेही "सुटलो" म्हणाले. आईने मेलेल्या सापाचं ढिलं पोट निरखलं. "भाऊजी, हे व्यालेली दिसते. पऱ्हाटीले हात लावू नोका."

"साप का बकरी हाये व्याले?" काका म्हणाले. सगळे हसले. मीही.

 आई लांब काठीने एकेक काडी ओढू लागली. चौथ्या काडीसरशी वीतभर पिल्लू फूत्कारत बाहेर आलं, काकांच्या अनवाणी पायाशी. मग दुसरं. घोणस पिल्लंच घालते आणि ती जन्मतःच विषारी असतात, हे मला पुढे शाळेत कळलं.

संध्याकाळी गावात कौतुक झालं ते काकांच्या नेमाचं. आई स्वयंपाक करत होती.

आज सर्पमित्राला परत बोलावलं. पाच पिल्लं निघाली. शेजारी म्हणाले, "काकू, तुमीच वाचवलं मले."

आईला हे कुणीच म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तुमच्या घरात कुणाला म्हणायचं राहिलंय?