श्रुतीला कसं सांगू?

मित्रांनो, संभाजीनगरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. आत जायची हिंमत होत नाय.

माझी लेक श्रुती विमान चालवायला शिकतेय. आज दुपारी उतरताना तिचं छोटं विमान धावपट्टीवर जोरात आदळलं, उसळलं आणि बाजूच्या मातीत जाऊन उलटलं. सोबत शिकवणारे सर होते.

फोन आला तसा मी गंगापूरहून जीपनं आलो. श्रुतीचा हात मोडलाय, पण शुद्धीवर आहे. मला बघताच म्हणाली, "पप्पा, सर कुठं आहेत? शेवटी त्यांनीच विमान सावरायला घेतलं होतं."

"बाजूच्या खोलीत. बरे आहेत," मी बोलून गेलो.

सर जागीच गेले होते.

"त्यांना सांगा, माझं चुकलं. सांगाल ना?"

मी मान हलवून बाहेर आलो. बाकावर सरांची बायको बसली होती. तिनंच विचारलं, "पोरगी कशी आहे, भाऊ?" मी फक्त हात जोडले आणि इथं पायऱ्यांवर येऊन बसलो.

आत्ता नर्स सांगून गेली, श्रुती परत सरांचं विचारतेय. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असंल तर सांगा, लेकराला हे कोणत्या शब्दांत सांगायचं?