देवाने फिरवलेला ठराव

"ताई, तुम्ही तिथनंच हात वर करा. आम्हाला दिसतो तुमचा हात."

सरपंच म्हणाले. अगदी गोड आवाजात. मी देवळाच्या पायरीखाली छत्री धरून उभी होते. पागोळ्यांचं पाणी छत्रीवर आणि छत्रीवरून माझ्या पाठीवर. आत सभामंडपात सतरंजी घातलेली, पंखा चालू. ग्रामपंचायतीचे सगळे सदस्य मांडी घालून बसलेले. सगळे म्हणजे मला सोडून. मीही सदस्यच. निवडून आलेली. गुलाल माझ्याही कपाळाला लागला होता.

पंचायतीच्या ऑफिसचं छप्पर गळतंय म्हणून या खेपेची मासिक सभा देवळात, असा निरोप आला होता. आमचं छप्पर गेली कित्येक वर्षं गळतंय. मधोमध बादली ठेवून सभा व्हायच्या, आणि त्या सभांना मी खुर्चीवर बसायचे. आत्ताच छप्पर गळायला लागलं, हे नवल.

आत येऊ नका असं मला कोणी म्हणालं नाही, हे नीट ऐका. आता तसं कोणी म्हणत नाही. कायद्याची भीती असते. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा गुरव नुसता उठून उभा राहिला. बाकीचे बोलायचे थांबले आणि माझ्या पायाकडे बघायला लागले. माझा पाय आपोआप खाली आला. मला त्या पायाची अजून चीड येते. मग शिपाई चहा घेऊन बाहेर आला. कागदी कप. आतही कागदीच. पूर्वी आमच्यासाठी वेगळी कपबशी ठेवायचे, आता सगळ्यांनाच कागदी. त्यालाच सुधारणा म्हणायचं.

मी बौद्धवाडीची. गावाजवळच्या काजूच्या फॅक्टरीत कामाला जाते. टरफलाच्या चिकाने बोटं काळी पडतात, सालटी निघतात. आमच्या वॉर्डातली जागा आमच्या बायकांसाठी राखीव झाली म्हणून मी उभी राहिले. गावात मला नावाने कोणी हाक मारत नाही. मागून 'राखीव' म्हणतात.

राजकारणाची हौस मला नव्हती. मी उभी राहिले ती सासूपायी.

सासू आषाढात गेली. आमची मढी जाळायची जागा कातळाच्या कडेला, पऱ्याजवळ, म्हणजे ओढ्याजवळ. वर छप्पर नाही, खाली चौथरा नाही. पाऊस असा, की समोरचा माणूस दिसेना. वाडीतल्या पुरुषांनी सरणावर पत्रे धरले. पत्रे तापले तसे हात भाजले, मग सोडून दिले. टायर टाकले. डिझेल ओतलं. सासू अर्धी जळली आणि आग विझली. दुसऱ्या दिवशी माझा नवरा पुन्हा लाकडं घेऊन गेला. तिथे काय बघितलं, ते त्याने मला सांगितलं नाही. पण तेव्हापासून तो मासे खात नाही. कोकणातला माणूस, ताटात बांगडा आला की उठून जातो.

आणि पऱ्याच्या पलीकडे, साकव, म्हणजे लहानसा पूल, ओलांडला की, शेड. सरकारी पैशातून बांधलेली. वर पक्के पत्रे, खाली चिऱ्याचा चौथरा, लोखंडी जाळी, दाराला कुलूप. कुलपाची किल्ली गावकीच्या मानकऱ्यांकडे. गावकी म्हणजे गावच्या जुन्या मानाच्या घरांची बैठक. पंचायत कायद्याने चालते आणि गाव गावकीने चालतं. त्या दिवशी शेड कोरडी ठणठणीत होती. आम्ही भिजत होतो आणि ती आम्हाला दिसत होती.

निवडून आल्यावर काही महिने मी नुसती बसले. कोणी विचारायचं नाही, मी बोलायचं नाही. मग पंचायतीत दोन तट पडले. रस्त्याचं काम कोणाला द्यायचं, त्यावरून. दोन्हीकडे सारखीच डोकी, आणि मधे मी. काय सांगू, ज्यांनी आमच्या वाडीची वाट कधी बघितली नव्हती ते संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसायला लागले. सासऱ्यांची तब्येत विचारायला लागले. मी सरपंचांना म्हटलं, माझा हात पाहिजे तर आधी शेड सगळ्या वाड्यांना मोकळी असल्याचा ठराव करा. केला. सर्वानुमते. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी वाडीत घरोघर पेढे वाटले. येडी मी. मला वाटलं, झालं.

आठवड्याभरात गावकीने देवाला कौल लावला. गुरव भिजवलेल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवतो आणि देवाला विचारतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शेड सगळ्यांना द्यायची का, असं विचारलं म्हणे. डावी पडली.

आम्ही देव कधीच सोडले. माझ्या आजेसासऱ्याने देव्हारा पऱ्यात सोडला होता. पण देव काही आम्हाला सोडायला तयार नाही. ज्याच्या दारात आम्हाला कधी उभं केलं नाही, त्याला आमचं मढं कुठे जाळायचं याची एवढी काळजी. मोटरसायकलवरून सरपंच स्वतः घरी आले. म्हणाले, ठराव आहेच हो ताई, तो कुठे पळत नाही, पण देवापुढे कोणाचं चालतं? रस्त्यावरून फुटलेले दोन्ही तट स्मशानावरून एक झाले. आणि ऑफिसचं छप्पर गळायला लागलं.

तर त्या दिवशी मी पायरीखाली उभी. पहिला विषय दिवाबत्तीचा. मी हात वर केला. मोजला. पाण्याच्या टाकीचा विषय आला, तेव्हाही मोजला. मग ग्रामसेवकाने वाचलं, की स्मशानशेडीचा मागचा ठराव रद्द करण्यात येत आहे. आतले सगळे हात वर गेले. विरोध कोणाचा, असं त्याने विचारलं. मी हात वर केला. छत्री खाली पडली. भिजत उभी राहिले, पण हात खाली घेतला नाही.

त्याने बघितलं. सरपंचांकडे बघितलं. आणि लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

मी ओरडले, माझा विरोध आहे. सरपंच तेव्हाही गोडच बोलले.

"ताई, तुम्ही सभेच्या बाहेर उभ्या आहात. बाहेरच्या माणसाचं मत कसं धरणार?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे खाली मान घालून चहा पीत होते, जसं काही कोणाच्या घरचं भांडण आपल्या कानावर पडतंय.

मी तालुक्याला गेले. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. कागद बघून म्हणाले, ठराव सर्वानुमते आहे आणि तुम्ही तर गैरहजर आहात. मी म्हटलं, मी हजर होते, पावसात होते. ते म्हणाले, तसं इथे दिसत नाही. म्हणाले, लेखी द्या, चौकशी लावू. दिलं. चौकशीला माणूस आला तो सरपंचांच्या बागेत जेवून गेला.

मग रत्नागिरीत एका वकीलबाईंकडे गेले. आमच्यातल्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी कायदा सांगितला, की असं गैरहजर लावत राहिले तर काही महिन्यांनी तुमची जागाच जाईल. केस करू म्हणाल्या, पण वर्षं लागतील. मग टेबलावरचा चष्मा पुसत त्यांनी मला अमेरिकेची गोष्ट सांगितली. गुलामी गेल्यावर तिथले काळे लोक पहिल्यांदा निवडून आले. तिथल्या एका राज्यात गोऱ्यांनी ठराव करून त्यांना सभागृहातून बाहेर काढलं. म्हणाले, कायद्याने तुम्हाला मत दिलंय, खुर्ची कुठे दिलीय?

मी म्हटलं, मग?

मग परत आले, म्हणाल्या. दिल्लीत आपलं असतं तसं तिथलं वरचं सरकार, त्याच्या सैन्याच्या जोरावर. दुसरे काही अगदी वरच्या सभागृहात पोचले आणि एका कायद्यासाठी झगडले. खानावळीत, आगगाडीत, नाटकगृहात काळ्यांना सगळ्यांबरोबर जागा मिळावी म्हणून. स्वतः निवडून आलेले, आणि प्रवासात त्यांनाच जेवायला मिळायचं नाही. त्या कायद्याच्या मसुद्यात आधी स्मशानंसुद्धा होती. कायदा पास करून घ्यायचा तर स्मशानं काढून टाकावी लागली.

"तिथेही स्मशानच?" मी विचारलं.

तिथेही, म्हणाल्या. पुढे तो कायदाही कोर्टाने मोडला. सैन्य तर त्याआधीच परत गेलं होतं. मग एकेक करून सगळे काळे सभागृहातून गेले, ते कित्येक पिढ्या कोणी परत आलं नाही.

मला राग आला. माणूस एवढ्या लांबून धीर मागायला येतो आणि तुम्ही त्याला हे सांगता? मी तोंडावर म्हटलं तसं. त्या म्हणाल्या, खोटा धीर देऊन तुम्हाला परत पाठवायचं नाही, म्हणून सांगितलं. एसटीत बसून मी त्या माणसांचा विचार करत राहिले. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. पण स्मशानं काढून टाकली त्या दिवशी घरी जाऊन ते जेवले असतील का, एवढंच डोक्यात येत राहिलं. आपल्या आईला कुठे पुरलं ते आठवलं असेल ना त्यांना?

पुढच्या सभेला मी पायऱ्या चढले. गुरव उठला. सगळे पायाकडे बघायला लागले. ह्या वेळी मी पायाला विचारलंच नाही. सतरंजीवर जाऊन मधोमध बसले. म्हटलं, करा सुरू.

एकेक जण उठला. कोणी चपला शोधायला, कोणी फोनवर बोलायला. सरपंच शेवटी उठले आणि जाताना पंखा बंद करून गेले. सभा तहकूब. मी एकटी बसून राहिले. गाभाऱ्यात समोर तो पाषाण, पाकळ्या चिकटलेल्या. त्याच्याकडे बघून मला काही वाटलं नाही. ना भीती, ना राग. दगड होता. नंतर त्यांनी सभामंडप धुतला म्हणे. पावसाळ्यात, जिथे आधीच भिंतींना ओल आलेली.

तेव्हापासून दर सभेला मी आत बसते आणि सभा तहकूब होते. वहीत मात्र मी गैरहजर. आणि मग जे व्हायचं ते झालं. वडापची रिक्षा आमच्या वाडीच्या फाट्यावर थांबत नाही. भरली म्हणतात, आत माणूस नसतो. आंब्याच्या बागेतलं रान साफ करायला आमच्या बायकांना बोलावणं नाही. पोलीस येऊन मलाच समजावून गेले, की गावात तेढ नको. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा फोन आला, वहिनी, बरोबर आहे तुमचं, पण आत्ता नको. आत्ता नको तर कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. परक्यांचं मला काही वाटत नाही. पण शेजारीण विहिरीवर कळशी आपटून म्हणाली, "तुझ्या मेलेल्या सासूपायी आमच्या जित्या पोरांच्या पोटावर पाय दिलास."

तिची पोरं खरंच उपाशी आहेत. मी मान खाली घालून पाणी घेऊन आले. मी जिंकणार नाही, हे मला कळलंय. ठराव रद्द झाला तो झाला. जागाही जाईल. पुढच्या खेपेला आमच्या वाडीतून कोणीतरी गरीब स्वभावाचं उभं करतील, पायरीखाली उभं राहून हात वर करणारं.

सासरे आता अंथरुणाला खिळलेत. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. पाऊस अजून थांबत नाही. ते रोज विचारतात, बाहेर किती पाऊस आहे गो? मला कळतं ते का विचारतात.

काल मी त्यांच्यापाशी बसले आणि सांगितलं, "आबा, तुम्हाला कातळावर नेणार नाही. शेडीच्या दारात नेणार. कुलूप काढलं तर आत. नाही काढलं तर तिथेच ठेवून बसणार."

नवरा उठून बाहेर गेला. सासऱ्यांनी पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मला वाटलं ओरडतील. माझ्या मढ्यावरून भांडू नका, असं ते आधी म्हणाले होते.

"खांद्याला कोण येणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी आहे. आणखी बघते.

बघतेय. वाडीत दारोदार फिरले. कोणी आत घेतलं नाही, कोणी उद्या ये म्हणालं. नवरा येईल का, तेही मला ठाऊक नाही. त्याला मी जबरदस्ती करणार नाही, त्याने एकदा बघितलंय. कोणीच आलं नाही तर फॅक्टरीतली पोत्यांची हातगाडी आहे. मालकाला विचारून ठेवलंय. आज कामावरून सुटल्यावर ती रिकामी गाडी मी पऱ्यापर्यंत ढकलत आणली. साकवावरून गाडी जाते.