यकृतावरचा ठिपका

बुद्धप्रिया भोकर आगारात सोळा वर्षं कंडक्टर होती. खचाखच भरलेल्या गाडीत दमात घेऊन माणसं मागं सरकवणारी ही बाई स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र मूग गिळून बसली होती. सात-आठ महिने शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध असेल, असं म्हणून ती मेडिकलमधून मलम आणायची. मध्ये पोटाची सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. मग तर ती निर्धास्तच झाली.

एके दिवशी मुदखेडच्या अलीकडे तिला भोवळ आली. ड्रायव्हर मल्लिनाथनं गाडी बाजूला घेतली.

"ताई, तोंड पार पांढरं पडलंय तुमचं. उद्या सुट्टी टाका अन् नांदेडला दाखवून या. न्हाई तर मी तुमच्यासंगं गाडी काढत न्हाई."

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद पाहिला. "आतड्यात हवा असते, त्यामुळं आतली गाठ यात दिसेलच असं नाही. दुर्बिणीनं बघावं लागेल."

दुर्बिणीत आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ दिसली. तपासायला दिलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला. तो कुठवर गेलाय, हे पाहायला सीटी स्कॅन करायचं ठरलं.

त्या थंडगार खोलीत हातातून औषध सोडलं, तसा अंगभर गरम लोट उठला. "श्वास घ्या. रोखून धरा," यंत्रातून आवाज आला. बुद्धप्रियानं श्वास असा धरला, की सोडायचंच भान राहिलं नाही.

रिपोर्ट आला. फुप्फुसं साफ होती, पण यकृतावर एक ठिपका होता.

"पसरलाय का?" मुलगी लुंबिनीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"एवढ्यावरून नाही सांगता येत. एमआरआय करू."

एमआरआयचा नंबर चौथ्या दिवशी होता. तोवर बुद्धप्रिया लुंबिनीला घरातल्या वस्तू कुठं ठेवल्यात ते सांगत राहिली. गॅसचं पुस्तक, जातीचा दाखला, आजीचा फोटो.

"आई, मला न्हाई ऐकायचं हे."

"ऐकून ठेव. ऐकल्यानं काय होत न्हाई."

एमआरआयच्या बोगद्यात अर्धा तास डोक्याजवळ ठकठक चालली होती. ती डोळे मिटून भोकर ते नांदेड सगळे थांबे म्हणत राहिली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं.

"यकृतावरचा ठिपका म्हणजे नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. बऱ्याच वर्षांचा असावा. तिथं कॅन्सर नाही. आतड्यातल्या गाठीचं ऑपरेशन करता येईल."

"परत एकदा सांगा," बुद्धप्रिया म्हणाली. बाईंनी परत सांगितलं.

आठवड्याभरात ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काढलं, पुढं सहा महिने केमो चालली. केस विरळ झाले, बोटं बधिर पडली. आता आगारानं तिला पासच्या खिडकीवर बसवलंय. पास काढायला आलेली एखादी ओळखीची बाई पोटाचं काही बोलली, की बुद्धप्रिया तिला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारते, लाजू देत नाही.

अधूनमधून पुन्हा स्कॅन असतो. तारीख जवळ आली, की दोन दिवस ती कुणाशी बोलत नाही. लुंबिनी पुढ्यात ताट ठेवते आणि शेजारी बसून राहते.