डिक्कीतला ढोल

"ह्यात ढोल न्हाय. ह्यात पत्र्याचा डबा हाय," असं म्हणत तात्यांनी अँबॅसिडरची डिक्की एवढ्या जोरात आपटली, की काउंटरवरचे शेठ बिल लिहायचे थांबले.

बारामतीत भिगवण रोडला आमचं दुकान आहे. गाड्यांना टेप, स्पीकर, वूफर बसवतो. मी तिथं फिटर. दुकान सुटलं की ग्राहकांच्या लुबाडणुकीविरुद्ध पत्रकं काढतो आणि चौकात वाटतो. शेठना हे पटत नाही, पण माझ्यासारखं वायरिंग दुसरं कुणी करत नाही म्हणून चालवून घेतात.

वूफर म्हणजे फक्त जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर. तो लाकडी पेटीत बसवतात आणि पेटी डिक्कीत ठेवतात. त्या जाड आवाजाला आम्ही बास म्हणतो. छातीत धडकतो तो.

तात्या इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे. पूर्वी घरात मेंढरं होती, आता डाळिंब आहे. पण माणूस ओळखला जातो तो ढोलासाठी. गजी म्हणजे ढोलाच्या तालावरचा धनगरी नाच. गावच्या गजी मंडळाचा ढोल कितीतरी वर्षं त्यांच्याच गळ्यात होता. गेल्या उन्हाळ्यात ते ट्रॉलीवरून पडले. उजवा हात मोडला आणि वाकडाच जुळला. ढोलाची काठी धरता येईना.

आता ढोल पुतण्याकडं, बिराकडं आला होता. जत्रा तोंडावर होती. तात्यांपाशी आदल्या वर्षीच्या जत्रेची कॅसेट होती, त्यात ते स्वतः वाजवत होते. त्यावरून बिरानं शिकायचं, असं ठरलं. त्यासाठी पुण्यात जाऊन दोन वूफर बसवून आणले. पण कॅसेटमधून ढोलाची फक्त बारीक बाजू ऐकू येत होती. चाल बदलते ती जाड बाजूवर. तीच गायब.

"तोंडानं बोल सांगा की त्याला," शेठ म्हणाले.

"बोल सांगता येत्यात. वजन कसं सांगू? काठी कवा दाबायची अन् कवा सोडायची, ते कानानंच घ्यावं लागतं." तात्या खुर्चीत बसले. "यंदा बिरा उभा ऱ्हायला न्हाय, तर पळसदेवचा ढोल सांगावा लागंल. आमच्या देवाम्होरं दुसऱ्या गावचा ढोल! मग मी काय, नारळ फोडायला जाऊ व्हय जत्रंला?"

शेठनी लगेच शेल्फवरचा चकचकीत ॲम्प्लिफायर उतरवला. "तात्या, तुमचा जोर कमी पडतोय. हा हजार वॅटचा टाका. गाडीचे पत्रे हलतील."

इथं माझं डोकं फिरलं. त्या डब्यावर हजार वॅटच्या पुढं बारीक अक्षरांत पीएमपीओ लिहिलेलं असतं. म्हणजे काय, तर पापणी लवायच्या आत एखाद्या क्षणाला त्या यंत्रातून निघाला तर निघेल असा जोर. रोजच्या वापरात त्याचा एक तुकडासुद्धा मिळत नाही. बैल एकदा बिथरून उडाला म्हणून तो तेवढा नांगर रोज ओढेल, असं सांगून बाजारात विकणाऱ्याला लोक हाकलून देतील. पण डब्यावर छापलं की तेच लोक मुकाट्यानं घेतात. ही उघड लूट आहे आणि ती रंगीत डब्यात मिळते!

"शेठ, आधी तपासू द्या."

"तपासायचं काय त्यात? मोठं टाकलं की मोठं वाजतं. तुझी पत्रकं दुकानाबाहेर."

"मिस्त्रीला बघू दे की," तात्या मध्येच म्हणाले. "हजार वॅट कुठं पळून जात न्हायती."

मी कॅसेट लावली आणि एका वूफरची वायर काढली. बास वाढला. एक स्पीकर बंद केल्यावर आवाज वाढतो, म्हणजे दोघं एकमेकांशी भांडत आहेत. पेन्सिल सेल घेऊन एकेका वूफरच्या वायरींना टेकवला. पहिल्याचा कागदी पडदा बाहेर फुगला. दुसऱ्याला त्याच वायरींना तसाच सेल लावला, तर पडदा आत ओढला गेला. पुण्याच्या दुकानात एकाचं प्लस-मायनस उलटं जोडलं होतं. एक हवा ढकलत होता, दुसरा ती ओढून घेत होता. बाहेर काय येणार? पत्र्याचा डबा.

वायर सुलटी केली. डिक्की बंद केली, तात्यांना पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर घेतल्या. पहिल्याच ठोक्याला आरसा थरथरला. तात्या डोळे मिटून बसून राहिले. बाहेर आले तेव्हा शेठनी हौसेनं विचारलं, "कसं काय?"

"माझाच हाय," तात्या म्हणाले. तेवढंच. मजुरी देऊन निघून गेले. शेठनी ॲम्प्लिफायर परत शेल्फवर ठेवला.

दोन-तीन दिवसांनी दुकानात तात्यांचा फोन आला. "मिस्त्री, ढोल तुमच्या दुकानातच ऱ्हायला का? हितं तर आला न्हाय."

मी एसटीनं इंदापूर गाठलं, तिथून वरकुटं. समाजमंदिरापुढच्या मोकळ्या पटांगणात अँबॅसिडर मधोमध उभी होती. डिक्की सताड उघडी. मंडळाचे गडी गोल करून उभे, बिराच्या गळ्यात ढोल. कॅसेट चालू होती आणि बास खरंच नव्हता. मी वाकून वायरी पाहिल्या. सगळं जागच्या जागी.

"तात्या, डिक्की उघडी का ठेवली?"

"मग काय गजी डिक्कीत नाचवू?"

गडी हसले. मी नाही हसलो, कारण माझ्या तेव्हा लक्षात आलं. आम्ही सगळे फिटर गाडीचा आवाज ड्रायव्हरच्या सीटवर बसून तपासतो. गाडीत बसून गाणं ऐकायचं, असं आम्ही धरूनच चालतो. वरकुट्यात गाडीत कुणी बसतच नव्हतं. त्यांच्यासाठी गाडी म्हणजे चाकांवरचा ढोलवाला, आणि ऐकणारे सगळे बाहेर.

बंद गाडीत हवा कोंडलेली असते. वूफरनं थोडी ढकलली तरी दाब वाढतो. उघड्या पटांगणात तीच हवा चारी बाजूंनी पसरते. पाटाचं पाणी माळावर सोडलं तर जिरून जातं, दोन बांधांमध्ये सोडलं तर सरीच्या टोकापर्यंत पोचतं. मला बांध पाहिजे होता.

समाजमंदिराची दगडी भिंत समोरच होती. "गाडी उलटी घ्या," मी म्हणालो. "डिक्कीचं तोंड भिंतीकडं. गडी बाजूला उभे राहतील."

"म्हंजे ढोल भिंतीला ऐकवायचा?" बिरानं विचारलं.

"भिंत ऐकत नाही, परत देते."

पेटी डिक्कीच्या अगदी कडेला ओढली, वूफर बाहेरच्या बाजूला केले. खाली जमीन, समोर भिंत. बिरानं ढोल उतरवून ठेवला आणि गाडी रिव्हर्समध्ये घेतली. बास आला, पण भिंतीला फार चिकटलं की ठोके घुमून एकजीव होत होते. लांब नेलं की पुन्हा गायब. मी कान लावून इकडंतिकडं फिरत होतो. मला प्रत्येक जागा आधीच्या जागेसारखीच वाटू लागली. कान दमतात, हे धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, सांगत कुणी नाही.

तात्यांनी मला बाजूला केलं. बिरानं उतरवलेला ढोल घेऊन गडी उभे राहतात तिथं आडवा नाही, उभा ठेवला. जाड बाजूचं कातडं वर. डाव्या हातानं कमरेची पिशवी सोडली आणि चिमूटभर भंडारा कातड्यावर टाकला. वाजवण्याआधी ढोलावर भंडारा वाहायची रीतच आहे. मला वाटलं, देवावर सोपवलं.

"घे मागं," ते ओरडले. "हळू. गाडी हाय, म्हैस न्हाय. आता कॅसेट लाव."

कॅसेटमधल्या ढोलावर ठोका पडला. समोरच्या मुक्या ढोलावरचा भंडारा जागचा हलला.

"आणि थोडं मागं."

भंडारा जास्त हलला.

"जरा म्होरं. थांब! थांब म्हनतो न्हवं!"

आता प्रत्येक जाड ठोक्याला पिवळे कण कातड्यावरून उडत होते आणि बारीक ठोक्याला गप्प बसत होते. कुणी काठी लावली नव्हती. इतकी वर्षं मी मीटर, सेल, कान वापरतोय. बासची जागा डोळ्यांना दाखवणारं असं साधन मी कुठल्याही कॅटलॉगमध्ये पाहिलेलं नाही. मी तिथं जमिनीवरच बसून राहिलो आणि बघत राहिलो.

बिराही गाडीतून उतरून शेजारी बसला. कॅसेट पुढं गेली. एका ठिकाणी भंडारा उडायचा थांबला, मग नुसता थरथरला, मग एकदम उसळला.

"हितं सोडतोयस व्हय तात्या?" बिरा ओरडला. "मी हितं दाबत होतो!"

"मग, चार महिने काय कीर्तन करतोय मी?"

बिरानं दुसरा ढोल गळ्यात घेतला आणि कॅसेटबरोबर वाजवू लागला. तिथं पोचला की चुकत होता, मग चुकायचा थांबला. गडी गोल झाले. तात्या वाकडा हात पोटाशी धरून भिंतीला टेकले. त्यांनी एकदाही शाबासकी दिली नाही. पायाचा अंगठा मात्र जमिनीवर ठेका धरत होता.

जत्रेला मीही गेलो. पळसदेवचा ढोल आला होता, पण पाहुणा म्हणून. देवापुढं आधी बिराचा ढोल वाजला. चाल बदलली तशी तात्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला कोपर मारलं आणि दुसरीकडं बघू लागले.

शेठ अजून हजार वॅट विकतात, मी अजून त्याविरुद्ध पत्रकं काढतो. दोघांचंही चाललंय. फरक एवढाच, की वूफर बसवायला गिऱ्हाईक आलं की मी आता वॅट, कंपनी काही विचारत नाही. आधी विचारतो, "ऐकणार कुठं उभं राहून?" निम्मे लोक माझ्याकडं वेड्यासारखं बघतात. उरलेल्यांचं काम एका फेरीत होतं.