चार ओळींचा करार

वामनभाऊ गेल्याची बातमी मला मोहाडीच्या ग्रुपवर कळली. सकाळच्या गुलाबांच्या आणि सुप्रभातच्या रांगेत कुणीतरी एकच ओळ टाकली होती, 'वामनभाऊ टायपिंगवाले पहाटे गेले.' खाली हात जोडलेली चित्रं येऊ लागली, एकामागून एक... आणि त्यांच्यात एकाने अंगठा वर केलेला. घाईत दाबला गेला असेल. तो पाहून मला आधी हसू आलं, आणि मग जे रडू फुटलं ते नागपूरच्या ऑफिसात, सगळ्यांदेखत. कारण असल्या अंगठ्यावर भाऊंनी पूर्वीच आपल्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं: 'ग्रुपवर मौतीची बातमी आली, दोघांनी अंगठा दाखवला. मी जाईन तवा निदान वाचून दाबा.'

त्याला आता दीड महिना झाला. आपल्या पुरवणीच्या वाचकांना वामनभाऊ माहीत असण्याचं कारण नाही. मोहाडीत तहसीलसमोर त्यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं, एवढीच त्यांची जगाला ओळख. घराणं विणकरांचं. वडील मागावर, आई मागावर, आणि लग्न करून आणलेली कमलवहिनी तर दोघांपेक्षा सरस. भाऊंचा हात मात्र मागावर कधी बसला नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा सगळ्या कागदांवरचा मजकूर बदलायला लागला, लोक रांग लावून टाइप करून घेऊ लागले, आणि त्या गर्दीत भाऊंनी टाइपरायटर विकून एक जुना कॉम्प्युटर आणला. मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मिळेल ते वाचायचं, खोलून पाहायचं, बिघडवायचं आणि पुन्हा जोडायचं. दुकानाच्या दारात बंद पडलेल्या बालवाडीचा फळा टांगलेला होता. त्यावर झेरॉक्सचे भाव लिहावेत अशी वहिनीची इच्छा. भाऊ रोज सकाळी त्यावर तंत्रज्ञानाच्या जगातल्या बातमीचा समाचार घेत.

तो फळा वाचायला तहसीलचे कारकूनसुद्धा रस्ता ओलांडून येत. एका मोबाइल कंपनीने फोनच्या गोल कोपऱ्यांवर हक्क सांगितल्याची बातमी आली, तेव्हा भाऊंनी लिहिलं होतं, 'आमच्या म्हशीचे शिंगं बी गोल हायेत. नोटीस आली तर गोठ्यावर चिकटवा, म्हैस वाचून घेईन.' एका क्लिकात खरेदी करण्याच्या युक्तीचं पेटंट कुणाकडे तरी आहे असं कळल्यावर: 'दोन क्लिकची खरेदी अजून फुकट हाये. लवकर करा.' आणि सारखे येणारे अपडेट पाहून: 'नवीन अपडेट आला. जुन्यात काय चुकलं होतं ते कोनीच सांगून नाही राहिलं. साहेब लोकायची बदली होते तसंच हे.' हे शेवटचं वाचून तहसीलदार हसले की रागावले, ते मात्र कुणाला कळलं नाही.

करार हा भाऊंचा खास विषय. 'मला मान्य आहे' हे बटण त्यांनी वाचल्याशिवाय कधी दाबलं नाही, आणि दुसऱ्यालाही दाबू दिलं नाही. एकदा धानाच्या नोंदणीसाठी एक म्हातारे शेतकरी फोन घेऊन आले. कुठल्यातरी खासगी ॲपचा करार समोर होता, लांबच लांब. भाऊ तो मोठ्याने वाचायला लागले. मागे रांग वाढलेली. म्हातारे म्हणाले, "दाब ना बाप्पा बटन, कायले येवढं वाचतं?" भाऊ म्हणाले, "बाबाजी, ह्यात लिवलं हाये का तुमच्या फोनमंधले सारे फोटो आम्ही पाहू. नातीच्या लग्नाचे असतीन ना?" म्हाताऱ्यांनी फोन परत घेऊन खिशात घातला. "मंग आपन कागदावरच करू," असं म्हणून ते शांतपणे बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ: 'करार चाळीस पानाचा, बटन एक. आमचं लग्न बी असंच झालं, पन निदान मंगलाष्टकं तरी आयकवली होती.' वहिनीने तो फळा संध्याकाळपर्यंत पुसू दिला नाही, आणि भाऊंशी बोललीही नाही.

मी त्यांच्या दुकानात बारावीनंतर टायपिंग शिकायला गेले आणि टायपिंग सोडून सगळं शिकले. आमचं घर व्यापाऱ्याचं, पण राहायला विणकरांच्या गल्लीत. तिथला एक रिवाज मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. प्रत्येक घराचा आपला एक काठ असायचा. दुसऱ्या घरालाही तो विणता यायचा, कुणी अडवत नसे. फक्त मागावरून उतरलेलं पहिलं लुगडं विकायच्या आधी त्या घरी न्यायचं. तिथली बाई ते मांडीवर पसरणार, काठावरून बोट फिरवणार, मग चहा. मला वाटे, हा एक शिष्टाचार. भाऊ म्हणाले, "हे आपलं पेटंट हाये. वकील नाही, फी नाही. फकस्त मांडीवर पसरा लागते."

वहिनीच्या घरचा काठ दुहेरी करवतीचा, म्हणजे करवतीचे दाते दोन बाजूंनी समोरासमोर आलेले. तो नव्या विणकरांना बसवता येईना म्हणून भाऊंनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चौकटी भरायच्या आणि कुठल्या फेरीला कुठले धागे उचलायचे याचा कागद छापून घ्यायचा. वर्ष-दीड वर्ष ते त्यात बुडालेले होते. वहिनी काठ विणून दाखवत असे, भाऊ धागे मोजत असत, मी शेजारी बसून शिकत असे. प्रोग्राम पुरा झाला तेव्हा मी म्हणाले, "भाऊ, करार लिवा ना आता. तुमी साऱ्यायचे वाचता." त्यांनी खडू घेतला आणि आधी फळ्यावर लिहिलं, मग तेच प्रोग्रामच्या पहिल्या पानावर टाकलं:

'वापरा.
आवडला तर दुसऱ्याले द्या.
बदलाचा असन तर बदला, पन एकदा दाखवाले या.
चहा आमच्याकडे.'

खाली बटण: 'वाचलं.' मान्य आहे की नाही, ते विचारलंच नव्हतं.

लोक खरंच यायचे. कुणी रंग बदललेले, कुणी अक्षरं मोठी केलेली. सानगडीहून एक जण बसने आला होता, फक्त कागद आडवा छापण्याची सोय दाखवायला. भाऊ ते पाहत, एखादी चूक काढत, आणि प्रोग्राममधल्या माहितीच्या पानावर त्याचं नाव चढवत: काय बदललं, आणि पुढे 'दाखवलं'. त्या पानाचं त्यांना फार कौतुक होतं.

आता माझं सांगते. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मला नागपूरच्या एका कंपनीत नोकरी लागली. कापडाच्या नक्षीचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी. मुलाखतीत मी भाऊंचा प्रोग्राम दाखवला, माझा म्हणून नाही, पण भाऊंचा म्हणूनही नाही. नुसताच दाखवला. पुढे त्यात मी एक भर घातली: अर्धा काठ भरला की उरलेला अर्धा आपोआप उलटा होऊन समोर यायचा. साहेब खूश झाले. त्यांनी पेटंटचा अर्ज करायचं ठरवलं आणि त्यावर तीन नावं टाकली, त्यातलं एक माझं. माझ्यासमोर कागद आले. एका ठिकाणी विचारलं होतं, हे आधीच्या कुणाच्या कामावर आधारलेलं आहे का? मी तो प्रश्न वाचला. भाऊंच्या हाताखाली शिकलेली मी, न वाचता सही करणारी नव्हतेच. वाचून, समजून मी 'नाही' लिहिलं. पगार वाढणार होता, आईला घर बांधून द्यायचं होतं, ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली. ती खरी होती. पण तेवढ्याने 'नाही' खरं होत नाही.

अर्जाची बातमी नागपूरच्या पेपरात छोट्या चौकटीत आली, नावांसकट आणि सोय काय आहे त्यासकट. जगातल्या प्रत्येक पेटंटवर एक ओळ लिहिणारा माणूस... मी त्या ओळीची वाट पाहत बसले. गल्लीतल्या मैत्रिणीला रोज विचारायचे, आज फळ्यावर काय? ती सांगायची ते ग्रुपवरच्या अफवांबद्दल, पासवर्ड विसरणाऱ्या सरपंचांबद्दल. माझ्याबद्दल कधीच काही नाही. त्यांनी माझी फजिती केली असती तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित मोकळी झाले असते. भाऊंनी मला तेवढंही दिलं नाही, असं तेव्हा वाटायचं आणि राग यायचा. आपल्याच चुकीचा राग दुसऱ्यावर काढणं किती सोपं असतं!

त्यानंतर मी एकदाच दुकानात गेले, दिवाळीच्या सुटीत. भाऊ थकलेले दिसत होते, छातीचं दुखणं सुरू झालं होतं. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग ते स्टूल पुढे सरकवून म्हणाले, "काही दाखवाचं हाये का?"

माझ्या पिशवीत लॅपटॉप होता.

"नाही भाऊ, तशीच आली."

"बरं," ते म्हणाले. "बस. घाई नाही." आणि एका गिऱ्हाइकाचं आधार कार्ड झेरॉक्सला लावायला उठले. मी बसले नाही. बसची वेळ झाल्याचं सांगून निघाले. त्यानंतर सात वर्षं मी मोहाडीला आले की मागच्या रस्त्याने घरी जायचे.

या सात वर्षांत कंपनीच्या सॉफ्टवेअरमागे एक तक्रार सतत होती. आमच्या कागदावरून विणलेला काठ मधोमध तुटतो, धागा टिकत नाही. आम्ही सूत तपासलं, हवा दमट आहे म्हणालो, शेवटी विणकरांचा हात कच्चा आहे असंही लिहून पाठवलं. ते पत्र मीच लिहिलं होतं.

तेरवी झाल्यावर वहिनीला भेटायला गेले. मला वाटलं होतं ती बोलणार नाही. ती म्हणाली, "बरं झालं आलीस. ते मशीन तसंच सुरू हाये. मले बंद कराची भीती वाटते. त्याचं काही जाईन त्याच्यात." दुकानात गेलो. फळा कोरा होता, दवाखान्यात जाण्याच्या दिवशी त्यांनीच पुसला होता म्हणे. मशीनला पासवर्ड नव्हता. पडद्यावर काठाचा प्रोग्राम उघडाच. बंद करण्याआधी मी माहितीचं पान उघडलं. सगळी नावं ओळीने होती, पुढे 'दाखवलं', 'दाखवलं'. सगळ्यात खाली माझं नाव. काय बदललं, त्या जागी: 'अर्धा काठ उलटा कराची सोय. हुशार पोरगी.' आणि त्यापुढे: 'दाखवाले येनार हाये.'

सात वर्षांत त्यांनी प्रोग्राम किती वेळा नव्याने केला असेल. दर वेळी ती ओळ त्यांनी पुढे नेली होती.

मी वहिनीला सगळं सांगितलं. 'नाही' लिहिल्याचंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दाखव मंग. आनला असशीन ना." मी लॅपटॉप काढला. तिने तो टेबलावर ठेवू दिला नाही, मांडीवर घेतला. काठ पडद्यावर आला आणि तिने त्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली, हळूहळू, एकेका दात्यावरून. मधोमध येऊन बोट थांबलं.

"इथं तुटत असन."

मी मान हलवली.

"दोन्ही दाते एकाच धाग्यावर आनून ठेवले तूनं. येवढा ताण एकटा धागा कसा घेईन? मधात एक धागा सोडा लागते." तिने लॅपटॉप परत दिला. "यासाठीच दाखवाले या म्हनते ना मानूस. त्यानं बी पहिल्यांदा हेच केलतं. तुले दोन मिनटात सांगतलं असतं."

सात वर्षं, किती लुगडी, किती विणकरांना लावलेला बोल... आणि एका धाग्याचा प्रश्न. तो रिवाज शिष्टाचाराचा नव्हताच, हे मला तिथे, भाऊंच्या स्टुलावर बसून कळलं. मी परत आल्यावर कंपनीला पत्र दिलं आहे, अर्जातल्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहून. विणकरांना पाठवलेलं पत्रही चूक होतं, तेही त्यात लिहिलं. नोकरी राहील असं वाटत नाही.

त्या दिवशी वहिनी आत गेली आणि चहा घेऊन आली. मी नको म्हणाले. माझी लायकी नाही, असं काहीतरी पुटपुटले. तिने कप माझ्यासमोर ठेवला.

"घे. त्यानं लिवून ठेवलं हाये. आता माह्यानं बदलवता येत नाही."

चहा पिऊन मी पुन्हा त्या पानाशी आले. वाटलं, आता दाखवून झालं, ती ओळ नीट करावी. अक्षरं खोडायला बोट बटणापर्यंत गेलंही. पण त्या पानावर 'दाखवलं' हा शब्द फक्त भाऊ लिहायचे, पाहून झाल्यावर. वहिनी दारात उभी होती. मी मशीन बंद केलं. ओळ आहे तशीच आहे, माझ्या नावापुढे: दाखवाले येनार हाये.