आईच्या हातचं नाव

ट्रंकेच्या तळाशी जाड कागद हाताला लागला, आणि त्याला अजून ज्वारीच्या पिठाचा वास येतोय असं वाटलं. वाटलंच असेल. नव्वदच्या दशकातला कागद तो.

मला जन्मापासून दिसत नाही. दर गुरुवारी बारामतीहून एसटीनं फिरते शिक्षक मोरगावला आमच्या घरी यायचे आणि मला ब्रेल शिकवायचे. एका गुरुवारी त्यांनी ब्रेलची पाटी आणि कागदावर ठिपके उठवायची टोचणी माझ्याऐवजी आईच्या हातात दिली.

"वैनी, मी आठवड्यातनं एकदा येणार. मधले सहा दिवस सराव तुम्हीच घ्यायचा."

"मला कुठं वाचता येतंय, गुरुजी? शाळेचं तोंड बी बघितलं न्हाय."

"हे डोळ्यांनी वाचायचंच नाही."

आई भाकरी थापता थापता उठली होती. पिठाचे हात पदराला पुसून ती गुरुजी दाखवतील तसं टकटक टोचत बसली. ठिपके मागच्या बाजूला उठतात, म्हणून मग कागद उलटा करून तिनं माझं बोट त्यावर ठेवलं.

"बघ, तुझं नाव हाय का?"

क, म, ल. "व्हय, पण म चुकलाय," मी फटकन म्हणाले. तिनं परत टोचलं, मी परत चूक काढली. नऊ वर्षांची मी, आईपेक्षा आपल्याला जास्त येतं याचाच तोरा.

त्या कागदावर 'कमल' सहा वेळा आहे, शेवटचं बरोबर. आईनं जन्मात लिहिलेलं एवढंच. ठिपके बसत चाललेत, आणि बोट फिरवलं की आणखी बसतात. म्हणून वाचावंसं वाटलं, की मी कागद नुसता नाकाशी नेते.