डाव्या हाताचं मशीन

गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि माझा डावा हात मनगटात मोडला. जालन्याच्या दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि मुलानं मला तिथल्याच आपल्या घरी आणलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणे, "नशीब, उजवा वाचला."

मी म्हणायची, "उजव्यानं जेवता येईल गं. डाव्याचं काम कोण करील?"

ते काम उजव्यानं करायचं आणि त्याच हातानं भाकरी मोडायची, हे मला मेले तरी जमलं नसतं. राहिली सून. सून चांगली होती, म्हणूनच भीती. ती तांब्या घेऊन खरंच आत आली असती. जिच्या पुरणपोळीला मी लग्नापासून नावं ठेवत आले, तिच्यापुढं ओणवं व्हायचं? त्यापेक्षा मी जेवणच सोडलं.

मुलाच्या लक्षात आलं. "माय, जेवत का न्हाईस? मशीन हाय ना घरात."

मशीन म्हणजे कमोडवर बसवलेली विजेची सीट. कारखान्याच्या कामानं तो सिंगापूरला गेल्ता, तेव्हा घेऊन आला. एवढं मोठं खोकं बघून गल्लीतल्या बायका गोळा झाल्या, आणि आतून निघालं संडासाचं झाकण. बाजूला बटणं. एक दाबलं की खालून पाणी, दुसरं दाबलं की गरम वारा. मी त्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. पण आता पोटभर जेवले, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर आत जाऊन कडी लावली.

बसले आणि ताडकन उठले. सीट गरम!

"आत्ता कोण उठून गेलं गं इथून?"

"कोणी न्हाई आत्याबाई," सून दाराबाहेरून म्हणाली. "ती तशीच गरम असती."

"उन्हाळ्यात?"

"बटण बंद करायचं राह्यलं."

पुन्हा बसले. काम उरकलं, देवाचं नाव घेतलं आणि पाण्याचं बटण दाबलं. पाणी काही आलं नाही. अंधार मात्र झाला.

"लाईट गेली," सून म्हणाली. "लोडशेडिंग. येऊ का तांब्या घेऊन?"

"खबरदार!"

"तुमच्या नातवाला धुते की मी. मला काय त्याचं?"

"तो लेकरू हाय. मी सासू हाय."

"मंग काय करता?"

"बसते. मला कुठं कोर्टात जायचंय?"

तिनं दाराबाहेर पाट टाकला आणि मेथी निवडायला बसली. एरवी माझ्यासमोर तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे. दाराला कडी आहे, सासू हलू शकत नाही, हे बघितल्यावर बाई सुटली.

"आत्याबाई, माझ्या पुरणपोळीबद्दल बोला की आता."

"पुरण पातळच असतं तुझं. संडासात बसले म्हणून खोटं बोलू का?"

"बिलकुल नका. बसा तिथंच."

ती हसायला लागली. मला रागवायचं होतं, पण हसूच आलं. हसताना प्लास्टर भिंतीवर आपटलं, कळ गेली, तरी हसू थांबेना. शेजारीण डोकावून म्हणाली, "कोणाशी बोलून राह्यली?"

"सासूशी."

"कुठं हायेत?"

"आतच अडकल्यात."

तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर ओरडायला लागला. बंद करायचा राहिला होता.

"आली! लाईट आली!" सून ओरडली. "दाबा आत्याबाई, पहिलं बटण!"

दाबलं. गोफणीनंही कोणी असा नेम साधत नाही. मी अशी किंचाळले, की शेजारीणसुद्धा दाराशी धावली.

"काय झालं?"

"गुदगुल्या!" मी म्हणाले, आणि लहान पोरीसारखी खिदळत सुटले. मग दुसरं बटण सापडलं.

"झालं का? या की बाहेर," सून म्हणाली.

"थांब गं," मी म्हणाले. "सुकून राह्यले."